आमचा गप्प बसलेला बाक

अण्णा,

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठाण्याहून तुमच्या कचेरीतली मंडळी आली. सतरंजीवर ओळीनं बसली. शेजारच्या कुसुमवहिनींनी चहा आणला, तो नको नको म्हणत सगळ्यांनी घेतला. मग तुमचे चिटणीस, ज्यांच्या हाताखाली तुम्ही जन्म काढलात, ते उपरण्यानं चष्मा पुसत म्हणाले की असा गंभीर माणूस आता मिळायचा नाही. इतक्या वर्षांत कधी त्यांनी थट्टा केली नाही, की कुणाच्या थट्टेला हसले नाहीत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. वसंतानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुतकातही माणसाला हसू येतं हो. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी हसू आलं, आता येत नाही. परवा आईनं एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट तुम्हाला ठाऊक होती, आईला ठाऊक होती. फक्त आम्हा भावाबहिणींना नव्हती. पण आमची बाजू तुम्हाला ठाऊक नाही, अण्णा. ती सांगायला बसलेय. जशी आमच्यापर्यंत आली तशी, त्याच क्रमानं सांगते. मधे थांबवू नका. जन्मभर या घरात तुम्हीच बोललात, आणि तेही 'दिवा बारीक करा' नि 'दार लोटून घ्या' एवढंच.

रविवार म्हणजे तुमच्या प्रवचनाचा वार. भल्या सकाळी आंघोळ, पूजा, आणि पहिल्या गाडीनं कल्याणहून ठाणं. तिथे तळ्याकाठच्या देवळात कुणी एक बुवा मोजक्या माणसांना वेदान्त सांगतात, दिवसभर सांगतात, असं तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत. आम्ही कोण विचारणार? बुवांकडचं अन्न घ्यायचं नाही असा तुमचा नियम, म्हणून आई पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी करून डब्यात भरायची. ती खिचडी कुणाकुणाच्या पोटात गेली देव जाणे. आपल्या पारनाक्यावर तुमचं वजन वाढलं. कुसुमवहिनी तर तुम्हाला वाकून नमस्कार करायला लागल्या. एकदा त्यांनी विचारलं की भावजी, माया म्हणजे नेमकं काय हो? तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, मला ऐकायची आज्ञा आहे, सांगायची नाही. वहिनी गहिवरल्या. काय बेमालूम थाप होती ती. आता आठवली की वाटतं, इतकं चांगलं काम तर तुम्ही पुढेही कधी केलं नाहीत.

त्याच सुमाराला घरात सिनेमाबंदी आली. त्याआधी वसंता वर्षाकाठी एखादा बघून यायचा आणि तुम्ही नुसतं नाक मुरडायचात. मग एके दिवशी जेवता जेवता फर्मान सुटलं की या घरातलं कुणी थेटरात पाऊल टाकणार नाही. आम्हाला वाटलं, बुवांची शिकवण. मनातल्या मनात बुवांना शिव्या घातल्या आम्ही.

आईला मात्र वेगळंच काही डाचत होतं. सोमवारच्या धुण्यात तुमचा सदरा आला की गळपट्टीला गुलाबीसर, तेलकट काहीतरी लागलेलं असायचं. कधी तुमच्या कानामागे तसलीच पुसट रेघ असायची. आई आधी म्हणाली, गंध असेल. पण गंधाचा डाग साबणाला असा हटून बसत नाही. आळीतल्या एका दुकानदाराचं भिवंडीला दुसरं बिऱ्हाड निघालं होतं, तेही दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा झाल्यावर, आणि बायका पाण्यावर तेच बोलायच्या. आई ऐकून घरी यायची आणि तुमचा सदरा दगडावर असा घासायची की शिवण उसवायची. मला ती एकदाच म्हणाली, "कमे, तुझे अण्णा बुवांकडेच जातात ना गं?" मी तिच्यावरच खेकसले, की आई, काहीतरीच काय. पण तिची हाडं दिसायला लागली होती, अण्णा, आणि तुम्हाला दिसत नव्हती. तुम्ही आमटीतलं मीठ बघत होतात.

आता आपलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून तेही काढते. मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. संमेलनात आम्हा शिक्षिकांचं नाटक होतं आणि मला त्यात भांडकुदळ मोलकरणीचं काम मिळालं होतं. तालमीत सगळ्या माझ्यावर पोट धरून हसायच्या. घरी आनंदानं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात की आपल्याकडच्या मुली तोंडाला रंग लावत नाहीत. मी म्हटलं, रंग लावला की आतलं माणूस बदलतं का? तुम्ही ताटावरून उठलात. दुसऱ्या दिवशी मी हेडबाईंना जाऊन सांगितलं की मला जमायचं नाही. त्या रविवारीही तुम्ही गाडी चुकवली नाहीत, आणि सोमवारी गळपट्टीला डाग होताच. हे मला तेव्हा नाही जोडता आलं, नंतर जोडता आलं. आणि जोडल्यावर जो संताप झाला, तो मी बरीच वर्षं जपून ठेवला.

तर तो रविवार. संक्रांत होऊन गेली होती, हळदीकुंकवांचे दिवस होते. कुसुमवहिनी एक सिनेमा बघून आल्या आणि दोन दिवस हसत होत्या. एक रावसाहेब, एक बिऱ्हाड मुंबईच्या या टोकाला, एक त्या टोकाला, दोन्हीकडच्या बायकांना पत्ता नाही, मुलांना पत्ता नाही, आणि मग जी काय त्रेधा उडते! वहिनी आपल्या गमतीनं सांगत होत्या. आई पोळ्या लाटायची थांबली होती. रात्री मला म्हणाली की मला तो सिनेमा बघायचाय. जिनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता ती. मी विचारलं, कशाला? तर म्हणते, असली माणसं कशी सापडतात ते बघायचंय. मला हसावं की रडावं कळेना.

कल्याणात बघायची सोय नव्हती, पारनाक्यावर लगेच कळलं असतं. ठाण्यात तुम्ही. मग वसंतानं शोध लावला की डोंबिवलीला भातखाचरांच्या कडेला सिनेमाचा तंबू लागलाय आणि तिथे हाच खेळ आहे. डोंबिवलीत आपली माईमावशी राहते. झालं, मावशीकडे हळदीकुंकू. शनिवारी आईनं तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही पंचांगातून डोकं वर न काढता म्हणालात, जा की. मला तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं.

तंबू म्हणजे काय, वर जाड कापड, बाजूला कनाती, पाठीमागे इंजिनाची धडधड. पुढे जमिनीवर पोरंसोरं, मधे बाक, शेवटी घडीच्या खुर्च्या. आम्ही मधल्या एका बाकावर तिघं बसलो. आई मधे, डोक्यावरून पदर, जशी काही देवळात आलीय. खेळ सुरू झाला. रावसाहेब या घरातून त्या घरात पळतायत, धोतराचा सोगा दारात अडकतोय, लोक हसतायत, आणि आई मात्र दात आवळून बघतेय. तिला त्यात विनोद दिसतच नव्हता. तिला पुरावा हवा होता.

मग ते सत्यनारायणाचं आलं. सकाळी पहिल्या घरी पूजा होते. भटजी फक्त पाठमोरा दिसतो, शेंडी आणि उघडी पाठ. दुपारी तोच भटजी दुसऱ्या घरी पूजेला येतो, पाटावर बसतो, पोथी उघडतो, आणि समोर बघतो तर यजमान तोच, शेजारी बायको मात्र दुसरी. आणि भटजीचं तोंड पडद्यावर मोठं होऊन आलं.

अण्णा, ते तुम्ही होतात.

चष्मा नाही, मिशी नाही, डोक्याचा चकोट. (मिशी तुम्ही आदल्या श्रावणात 'बुवांच्या सांगण्यावरून' काढली होतीत, आणि टोपी तर घरातसुद्धा डोक्यावरून उतरत नव्हती.) कचेरीतल्या कुणीही ओळखलं नसतं. पण आम्ही कसं नाही ओळखणार? आमटीत मीठ कमी पडलं की तुम्ही बोलायचा नाहीत. आधी वाटीकडे बघायचात, मग आईकडे, मग पुन्हा वाटीकडे. आईचा जीव गोळा व्हायचा. तेच, अगदी तेच तुम्ही तिथे केलंत. पोथीकडे पाहिलंत, बाईकडे पाहिलंत, यजमानाकडे पाहिलंत, पुन्हा पोथीकडे. तंबूत हसू फुटायला लागलं. आणि मग तुम्ही खाकरून, अगदी सोवळ्या आवाजात विचारलंत, "संकल्पात नाव-गोत्र तेच ठेवायचं, की घरागणिक बदलतं?"

तंबू कोसळायचा राहिला. पुढची पोरं जमिनीवर लोळली. कुणीतरी शिट्टी मारली. ज्या तोंडाला आम्ही घरात चळाचळा कापायचो, त्या तोंडावर अख्खी डोंबिवली फिदा झाली होती. आणि आमचा बाक? आमचा बाक गप्प होता. वसंताचं तोंड उघडं ते उघडंच. मी बाकाची कड धरली. आईनं तर श्वाससुद्धा घेतला नसेल. लोक गदागदा हलत होते आणि मधे आम्ही तिघं दगडासारखे. तेवढ्यात रीळ संपलं, दिवे लागले, आणि आई मान वळवून मागे बघायला लागली. मला वाटलं, ओळखीचं कुणी आहे का बघतेय. मी तिला म्हटलं, आई, पुढे बघ.

त्या खेळाचं पुढचं शेवटी सांगते. आम्ही घरी आलो तेव्हा तुम्ही आधीच येऊन खुर्चीत पंचांग वाचत बसला होतात. विचारलंत, हळदीकुंकू कसं झालं? आई म्हणाली, छान झालं. वाण काय दिलं? आईच्या हातात काही नव्हतं. म्हणाली, करंडे होते, संपले. मग आईनं विचारलं, प्रवचन कसं झालं? तुम्ही म्हणालात, छान झालं. त्यावर दोघंही जेवायला उठलात. मी नि वसंता एकमेकांचे हात दाबत होतो. आम्हाला वाटत होतं की केवढी मोठी गोष्ट आपण तुमच्यापासून लपवतोय.

पुढच्या रविवारी तुम्ही गेला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कुसुमवहिनींनी विचारलं तर म्हणालात, बुवा काशीला गेले. वसंता मला म्हणाला, बिचारे बुवा, न विचारता काशीला पाठवले. आम्हाला गंमत वाटत होती. स्टुडिओतलं काम संपलं असेल, नाहीतर कचेरीची भीती वाटली असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. सरकारी नोकराला दुसरा धंदा करायची मुभा नव्हतीच, कुणी कागाळी केली असती तर नोकरी गेली असती. म्हणूनच वसंतानं मला आणि आईला तंबी दिली की या गोष्टीचा उच्चारही करायचा नाही, अण्णांच्या समोर तर मुळीच नाही. आम्ही तुम्हाला सांभाळत होतो, अण्णा. निदान वसंता तरी. मी मात्र थोडी रागानंही गप्प होते. मला मोलकरीण होऊ दिलं नाहीत आणि स्वतः डोक्याचा गोटा करून उभे राहिलात. मनात म्हणायचे, कबूल करा आधी, मग मी तोंड उघडते. आता कुणासमोर हट्ट धरू?

आणि तरी ती पुढची वर्षं आपल्या घरातली चांगली वर्षं होती, हेही सांगायला हवं. आईच्या अंगावर मांस चढलं. सवत नव्हती, साधा रंग होता! ती भांडी घासताना गुणगुणायला लागली. तुम्ही रविवारी घरी राहायला लागलात आणि माझ्या निबंधाच्या वह्यांतले मुलींचे पराक्रम मोठ्यानं वाचून दाखवायला लागलात. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. 'गाय हा आमच्या शेजाऱ्यांचा पाळीव प्राणी आहे, ती आमची तुळस खाते.' मी हसून हसून आडवी व्हायचे, आणि तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघायचात आणि पुढची वही उघडायचात. तेवढं हसू तुम्हाला माझ्याकडून मिळालं. त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण तेव्हा मी वहीला हसतेय असंच तुम्हाला वाटलं असणार.

वसंताच्या लग्नानंतरची पूजा आठवते? खऱ्या भटजींनी पाटावर बसता बसता विचारलं, यजमानांचं नाव-गोत्र काय? वसंतानं माझ्याकडे पाहिलं आणि संपलं सगळं. त्याला ठसका लागला, मी पदरात तोंड खुपसलं, नवी नवरी घाबरून आम्हा दोघांकडे बघतेय. तुम्ही डोळे वटारून म्हणालात, पूजेत कसलं हसू? आणि मग बराच वेळ आमच्याकडे बघत राहिलात. तेव्हा तुम्हाला कळलं का हो? की आम्ही तुमच्याच वाक्याला हसतोय, चार वर्षं घरात चोरून त्यालाच हसतोय? मी हल्ली मनाची समजूत घालते की कळलं असेल. पण कळलं असतं तर तुम्ही मला शेवटी ते विचारलं नसतंत.

यंदा श्रावणात तुम्ही अंथरुणाला खिळलात. त्या दुपारी आई देवळात गेली होती, मी तुम्हाला चमच्यानं पेज देत होते. दोन चमचे घेतलेत आणि हात वर करून थांबवलंत.

"कमू, त्या संक्रांतीला तुम्ही डोंबिवलीला गेला होतात ना. माईकडे."

"हो. हळदीकुंकवाला."

"कसं वाटलं होतं गं तुम्हाला?"

कसं झालं होतं, असं नव्हतं विचारलंत तुम्ही. कसं वाटलं होतं, असं विचारलंत. मी काय मूर्ख आहे, मला कळलं नाही? क्षणभर कळलं होतं, अण्णा. माझ्या हातून पेज चादरीवर सांडली. पण मला वाटलं, आजारी माणूस, छातीत दुखतंय, आता हे उकरून काढलं आणि धसका घेतलात तर? आणि खरं बोलायचं तर चार वर्षांची खोटं बोलायची सवय जिभेला होती, ती आधी धावून आली. मी म्हटलं, "छान झालं होतं. तुम्ही पडा आता." तुम्ही "बरं" म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललात ते औषधापुरतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. परवा दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती, वसंता शेजारी लवंडला होता, पाहुणेरावळे संपले होते. घर नको इतकं शांत. वसंता उगाच म्हणाला की बिचाऱ्या अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही, आपण त्यांना पडद्यावर पाहिलं ते. आईचा हात सुपात थांबला. मान खाली ठेवूनच म्हणाली, "त्यांना माहीत होतं. ते तिथेच होते."

आम्हाला आधी वाटलं तिचं डोकं फिरलं. मग ती सांगत गेली. दिवे लागले तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं, तर शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, कानटोपी घालून आणि मफलर नाकापर्यंत ओढून तुम्ही बसला होतात. तुम्हीही डोंबिवलीच निवडली होतीत, कारण कल्याणचं कुणी नको आणि ठाण्याचं कुणी नको; आम्ही तर माईमावशीकडे हळदीकुंकवात असणार, असा तुमचा हिशेब. आपलं काम लोकांच्यात बसून एकदा बघावं म्हणून चोरून आला होतात. तुमची नजरानजर झाली. आणि आईनं झटकन मान फिरवली. लाजेनं, अण्णा, तिच्या स्वतःच्या लाजेनं. दोन वर्षं तुमच्याबद्दल नाही नाही ते मनात घेतलं होतं तिनं, आणि हाच सिनेमा बघायला का आलीस असं विचारलंत तर काय सांगायचं, या भीतीनं. मग घरी आल्यावर तुम्ही काढाल विषय म्हणून ती थांबली, आणि ती काढेल म्हणून तुम्ही थांबलात. चार वर्षं एका ताटलीतलं लोणचं खात दोघं थांबून राहिलात.

वसंतानं विचारलं की लोक एवढे हसत होते, तेव्हा अण्णा खूश दिसत होते का?

आई म्हणाली, "ते लोकांकडे बघतच नव्हते रे. आपल्या बाकाकडे बघत होते."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. सगळा तंबू हसत असताना तुम्ही मागून एकच बाक बघत होतात, आणि नेमका तोच बाक हसला नाही. तुम्हाला काय वाटलं ते मला आता कुणी सांगायला नको. घरच्यांना आपली लाज वाटली, असंच वाटलं. म्हणून बुवा काशीला गेले. म्हणून श्रावणातल्या त्या दुपारी तुम्ही मला विचारलंत, आणि मी तुम्हाला हळदीकुंकू सांगितलं. तुमच्या हातचं ते काम आमच्या गप्प बसण्यानं सुटलं, आणि ते शेवटपर्यंत तसंच मनात ठेवून तुम्ही गेलात. याला क्षमा कशी मागायची ते मला माहीत नाही. मागून उपयोगही नाही.

पण खेळाचं पुढचं तुम्हाला सांगते म्हटलं होतं, ते ऐका. शेवटच्या रिळात तुम्ही पुन्हा आलात. दोन्ही बायकांना सगळं कळलंय, रावसाहेबांची बोबडी वळलीय, आणि एकाच पूजेला दोघीही येऊन बसल्यायत, एक उजवीकडे, एक डावीकडे. तुम्ही पाटावर बसण्याआधी पाटाला फुंकर मारलीत, उपरण्याच्या टोकानं तो दोनदा झटकलात, आणि मगच टेकलात. घरी रोज जेवायला बसताना करायचात तसं. मग दोघींना शांतपणे सांगितलंत की यजमानांच्या हाताला हात लावा. एकीनं हा हात धरला, दुसरीनं तो. आणि तुम्ही रावसाहेबांना म्हणालात, आता देवाला नमस्कार कुठल्या हातानं करणार ते सांगा.

पण त्या वाक्यापर्यंत आई पोचलीच नव्हती. ती फुंकरीलाच फुटली होती. दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं असणार. ती अशी हसली, अण्णा, अशी हसली की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि तिला भान नाही. मग वसंता, मग मी. आमचा बाक गदागदा हलत होता. पुढची एक बाई वळून करवादली, की हळू हसा की हो, ऐकू येत नाही काही. तर आईनं डोळे पुसत, सगळ्यांच्या देखत, त्या परक्या बाईला सांगितलं, "आमच्या घरचे आहेत ते." बाईला वाटलं, थट्टा करतेय.

परवा आईनं हेही सांगितलं की त्या हसण्यातच, आता लाज वाटू देणार नाही असं ठरवून, ती पुन्हा मागे वळली होती. तुम्ही तिच्याकडे बघावं म्हणून वळली होती. तुमची खुर्ची रिकामी होती.